रिकाम्या गाडीची उंची

केरू सहादू भोये. जन्म १ जून १९५२, पेठ तालुक्यातील एका डोंगरपाड्यावर. मृत्यू ११ फेब्रुवारी २०२४, नाशिक. जन्मतारखेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. ती शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली असून त्या शाळेच्या दप्तरी पाड्यावरील निम्मी मुले एक जूनलाच जन्मलेली आहेत. भोये यांच्या आईच्या सांगण्याप्रमाणे ते नागलीच्या कापणीत जन्मले, म्हणजे दिवाळीच्या आसपास. हे त्यांना ठाऊक होते. तरीही कोणी विचारले की ते एक जूनच सांगत. "साहेब, वहीत हाय ते खरं," एवढे म्हणून विषय संपवीत.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ते १९८१ पासून २०१० पर्यंत टूलरूममध्ये फिटर होते. मापन विभाग माझ्याकडे होता, त्यामुळे त्यांनी कानसलेला प्रत्येक तुकडा माझ्या टेबलावरून जाई. एकोणतीस वर्षांत मी त्यांचे चार तुकडे परत पाठवले, आणि त्यांपैकी एका वेळी चूक माझ्या गेजमध्ये निघाली. परंतु भोये यांचे नाव नाशिक-मनमाडपासून नांदगावपर्यंतच्या ट्रकचालकांत ज्या कामामुळे झाले ते काम सुट्टीच्या दिवशी, सिडकोतील त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत चाले. ते मालट्रक बांधीत. दहास एक या प्रमाणात, केवळ हाताने. सात मीटरचा ट्रक त्यांच्या पाटावर सत्तर सेंटिमीटरचा होऊन उभा राही.

या नादाचे मूळ त्यांनी मला एकदाच सांगितले. सतराव्या वर्षी काम शोधायला नाशिकला येताना ते गवताने भरलेल्या ट्रकवर बसले होते. सावळ घाटात चढण लागल्यावर चालकाने त्यांना खाली उतरवले, हातात लाकडाचा ठोकळा दिला आणि बजावले, की गाडी मागे सरू लागली तर हा मागच्या चाकाखाली सारायचा. संपूर्ण घाट ते त्या चाकामागून चालत आले. "सगळी दुनिया डोंगर बघती, साहेब. मी तीन तास नुसतं चाक, आस अन् पाटे बघत आलो. लय भारी वाटलं. एवढं ओझं, अन् ते पाटे नुसते वाकत्यात, मोडत नायत."

पाटे म्हणजे आसावर एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान. सगळ्या गाडीचा भार तिच्यावर तोललेला असतो. भोये यांच्या गाडीचे पाटे लोखंड कापायच्या हॅक्सॉच्या मोडक्या ब्लेडांचे असत. हौद्याच्या फळ्या सागाच्या, टायर जुन्या यंत्रपट्ट्याच्या रबरातून लेथवर कातलेले, पत्रा कारखान्याच्या भंगारातला. तो पत्रा रीतसर गेटपास करून बाहेर येई. पासवर सही माझी असे. गाडीला इंजिन नसे. बाकी सर्व चाले. स्टिअरिंग फिरवले की पुढची चाके वळत, आणि मागचा फाळका कडी काढल्याशिवाय उघडत नसे.

त्यांचे नियम थोडे पण पक्के होते. आयुष्य संपलेली, भंगारात निघालेली गाडीच बांधायची. फोटोवरून बांधायची नाही. जिच्या अंगाला आपला हात लागला आणि आपली टेप लागली तीच बांधायची. मूळ गाडीला जिथे पोचा आहे तिथे छोटीलाही पोचा पडला पाहिजे. आणि जो तिचा चालक, त्याने तपासणी करून "हीच माझी" म्हटल्याशिवाय ती घरातून हलणार नाही. एका गाडीला दीड-दोन वर्षे लागत. पुढे निवृत्तीनंतर वेग वाढला. २०२२ अखेर अशा तीस गाड्या त्यांनी बांधून, तपासून घेऊन, त्या-त्या चालकाच्या हवाली केल्या होत्या. मोबदला कधी घेतला नाही. हे विचारण्याची सोय नव्हती. विचारणाऱ्याला ते सरळ चहा पिऊन जायला सांगत.

एकतिसावी गाडी निसार बाबूलाल तांबोळी यांची. निसारभाई वडाळा गावात राहणारे, सव्वीस वर्षे स्वतःच्या एकाच ट्रकवर चालक. केबिनच्या कपाळावर मुलीचे नाव रंगवलेले, 'निलोफर', म्हणून मार्केटात गाडीलाही निलोफरच म्हणत. २०२३च्या जानेवारीत गाडी मोडीत काढायचे ठरले. निसारभाई आणि त्यांच्या पत्नी हाजराबी यांचा हजला जाण्याचा क्रमांक लागला होता, आणि परत आल्यावर गाडी चालवायची नाही असा त्यांनी निश्चय केला होता. भोये यांच्याकडे त्यांनी एकच मागणी केली, "जायच्या आधी एकदा डोळ्यांनी बघून जाईन, केरूभाऊ. परत येणं अल्लाच्या हातात."

गुरुवार, १९ जानेवारी रोजी भोये यांनी आडगावच्या ट्रक टर्मिनसवर निलोफरची मापे घेतली. त्या दिवशी तिच्यात कांदा भरलेला होता आणि ती संध्याकाळी सुरतेला निघणार होती. इतर सर्व मापे घ्यावीत, आणि गाडी रिकामी परत आली की हौद्याची व पाट्यांची उंची पुन्हा मोजावी, असा भोये यांचा विचार होता. परंतु भंगारवाल्याने घाई केली. माल उतरवून गाडी परस्पर त्याच्याकडे गेली आणि आठवड्यात तिचे तुकडे झाले. भोये यांनी वही उघडली, कामाला लागले, आणि पुन्हा मोजायचे राहिले आहे ही गोष्ट त्यांच्या मनातून पूर्णपणे गेली. वहीत उंची होती. वहीत होते ते त्यांना खरे होते.

रविवार, ३० एप्रिलला, ईदनंतरच्या आठवड्यात तपासणी ठरली. गाडी पाटावर ठेवलेली, भोये भिंतीला टेकून उभे, त्यांच्या पत्नी सखुबाई स्वयंपाकघराच्या दारात. अशा वेळी मला बोलावणे असे, आणि मी सहसा चुकवीत नसे. निसारभाई गाडीभोवती तसेच फिरले जसे ते रोज सकाळी फिरत असतील. टायर बोटाने ठोकून पाहिले, बंपरवरून हात फिरवला. डाव्या कोपऱ्यावर येताच हसू लागले.

"अरे, हा तर पिंपळगावच्या फाटकाचा पोचा! हा पण घातला?"

"तुम्ही मारलेला," भोये म्हणाले. "मी कसा सोडू?"

"हाजराला दाखवू नका. तिला मी सांगितलंय, दुसऱ्यानं मारला."

मग ते मागे गेले, गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले, आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. उठले तेव्हा चेहरा बदललेला होता.

"केरूभाऊ, माल कोणता भरलाय?"

"कुठला माल? रिकामी हाय की."

"नाही. ही भरलेली आहे. दहा टनाच्या आत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे बघा ना. बसलीय मागून. रिकामी निलोफर अशी उभी राहत नव्हती. रिकामी असली की शेपूट वर करून उभी राहायची, वासरासारखी."

सखुबाई दारातून म्हणाल्या, "घ्या! तीन महिने मान मोडून बसला माणूस, अन् ह्यांना शेपूट दिसली."

"भाभी, मीही गप्प बसलो असतो," निसारभाई म्हणाले. "पण हजला निघालोय. गल्लीत घरोघर जाऊन कहा-सुना माफ करा म्हणतोय. एकीकडे माफी मागायची आणि इकडे खोटं बोलून जायचं, हे बसत नाही."

 भोये यांनी वही आणली, पान काढले, तारीख वाचली. त्या पानाच्या कोपऱ्यात त्यांच्याच अक्षरात लिहिले होते: 'भरलेली. परत मोजणे.' ते पाटावर गाडीच्या शेजारी बसले. तीस तपासण्यांत कोणी आरसा तिरका आहे म्हणाले होते, कोणी भोंगा दुसऱ्या बाजूला होता म्हणाले होते. पण गाडीच माझी नव्हे, असे कधी कोणी म्हटले नव्हते. आणि या वेळी जाऊन पुन्हा मोजायला गाडी शिल्लक नव्हती. निसारभाईंच्या प्रयाणाला चाळीस दिवस होते.

"गोण्या भरून टाका," निसारभाईंनीच तोड सुचवली. "छोट्या छोट्या. वर ताडपत्री. झालं खरं!"

"अन् तुमची गाडी जलमभर लादलेलीच उभी करू?" भोये म्हणाले. "सव्वीस वर्षं वाहिलं की तिनं."

मी सुचवले, की त्याच वर्षाचा, त्याच बनावटीचा दुसरा ट्रक शोधून रिकामा मोजावा. त्यांनी मान हलवली. "तिचे दोन पाटे जळगावात बदललेले, एक मालेगावात. दुसऱ्या गाडीची उंची दुसऱ्या गाडीची, साहेब." हा युक्तिवाद निर्दोष होता, मी तो मान्य केला.

थोड्या वेळाने त्यांनी निसारभाईंना एक प्रश्न विचारला, आणि तो प्रश्न कोणत्याही तंत्रशाळेत मी ऐकलेला नाही. "निसारभाई, गाडी रिकामी असतानाच करायचे, भरलेली असताना कधीच नाय, असं रोजचं काय होतं तुमचं?"

निसारभाईंनी विचार केला. "नमाज," ते म्हणाले. "माल उतरला की फाळका उघडाच असायचा. हौदा झाडायचा आणि वेळ झालेली असली तर तिथंच पढायचो. खाली मार्केटात चिखल, सालपटं. हौदा साफ."

"वर कसे चढायचे?"

"जानमाजची घडी आधी मागच्या कडेवर ठेवायची, मग बाजूच्या हुकावर पाय."

"रोज?"

"सव्वीस वर्षं."

"मग परत ठेवा," भोये म्हणाले.

पुढच्या रविवारी त्यांच्या मागील अंगणात आम्ही जमलो. भोये यांनी पाण्याच्या पातळीने फरशी तपासून ठेवली होती. एका टेबलावर दोन स्क्रू-जॅक आणि त्यांवर, हौद्याच्या मागच्या कडेच्या जागी, सागाची जाड फळी. निसारभाईंनी घरून नमाजासाठी अंथरायचे आपले जानमाज आणले होते, तेच जुने. घडी उजव्या हातावर घेऊन ते फळीसमोर उभे राहिले आणि डोळे मिटले. हात पुढे जाई, घडी फळीला टेके, आणि ते म्हणत, "वर... अजून थोडी... नाही, गेली वर. खाली. बस." भोये जॅक फिरवीत, मी माप वाचून कागदावर लिही, आणि तो कागद दोघांनाही दाखवीत नसे.

पहिले माप मला रद्द करावे लागले. निसारभाई अनवाणी होते. मार्केटात ते अनवाणी उभे राहत नसणार. हे मी निदर्शनास आणताच सखुबाई म्हणाल्या, "ह्या साहेबांना देवळातबी चपला मोजाव्या वाटतील." निसारभाईंनी चपला घातल्या. तळ चौदा मिलिमीटरचा निघाला, म्हणून हट्ट अनाठायी नव्हता.

त्यानंतर अकरा वेळा मोजले. दर वेळी फळी मुद्दाम हलवलेली असे, कधी हातभर वर, कधी खाली. सर्वांत कमी माप १,३३४ मिलिमीटर आले, सर्वांत जास्त १,३४३.

मी ते आकडे दोनदा पाहिले. आयुष्यभर मी यंत्रांच्या पुनरावृत्तीचे दाखले लिहिले होते. डोळे मिटलेला, सदुसष्ट वर्षांचा, खांदा धरलेला मनुष्य अस्तित्वात नसलेल्या गाडीच्या कडेवर अकरा वेळा हात ठेवतो आणि नऊ मिलिमीटरच्या आत राहतो, हे मला कोणी सांगितले असते तर मी तो अहवाल परत पाठवला असता. 

"किती फरक?" निसारभाईंनी डोळे उघडून विचारले.

"नऊ मिलिमीटर."

"म्हणजे चुकलो?"

"दहानं भागा," भोये म्हणाले. "माझ्या गाडीत एक मिलिमीटरबी नाय."

सरासरी १,३३८ निघाली. वहीतील भरलेल्या गाडीचे माप १,२५२ होते. म्हणजे छोट्या गाडीचा हौदा मागे साडेआठ मिलिमीटर उचलायला हवा होता. केबिनच्या पायरीच्या जागी फळी धरून, तिच्यावर निसारभाईंचा पाय घेऊन पुढच्या बाजूचेही असेच माप केले. तिथला फरक किरकोळ होता.

एखाद्याने पाट्यांखाली पातळ चकत्या सारून काम भागवले असते. भोये यांनी सगळे पाटे काढून टाकले. नवे करताना त्यांना ते असे हवे होते की गाडीच्या स्वतःच्या वजनाने वाकून ते बरोबर त्या उंचीवर थांबावेत, कशाचाही टेकू न घेता. ब्लेडचे दात घासायचे, तुकडा लाल करून वाकवायचा, तेलात बुडवून कडक करायचा. मग तो काचेसारखा ठिसूळ होतो, म्हणून हलक्या आचेवर पुन्हा तापवून त्याला लवचीक करायचे. ही शेवटची आच ते तव्यावर वाळू पसरून देत. पोलाद आधी पेंढ्याच्या रंगाचे होते, मग जांभळे, मग निळे. निळे होताच उचलायचे, क्षणभर उशीर झाला की पट्टी मऊ पडते. तवा अर्थातच सखुबाईंचा.

"भाकरीच्या तव्यावर लोखंड भाजताय," त्या म्हणत. "उद्यापासून भाकरी लेथवर करत चला."

पाहुणे आले म्हणजे त्याच मात्र त्यांना तव्याजवळ नेऊन म्हणत, "बघा, आता निळं होईल."

एका बाजूला दहा, दुसऱ्या बाजूला दहा. मोडलेले वेगळे. मे महिना संपेपर्यंत मोडलेल्यांचा डबा भरला. एकाहत्तराव्या वर्षी, उन्हाळ्यात, पत्र्याच्या छपराखाली, ते प्रत्येक पट्टी कानसून गाडीखाली लावीत, हौदा मोजीत, काढीत, पुन्हा कानशीत. मी एकदा म्हणालो, की उंची आली आहे, आता थांबावे. ते म्हणाले, "उंची आली, साहेब. चाल नाय आली." मला त्या वेळी अर्थ कळला नाही.

तो दोन जूनला कळला. त्यांनी मला बोलावून घेतले, गाडी सपाट फरशीवर ठेवली आणि मापण्यास सांगितले. हौदा मागे १३३.८ मिलिमीटर. मग त्यांनी किराणा दुकानातून मागून आणलेली एक-एक किलोची दहा वजने हौद्यात नीट रचली. दहास एक गाडीत लांबी दहापटीने घटते आणि वजन हजारपटीने. दहा टनांचे दहा किलो. हे गणित त्यांना कोणी शिकवले नव्हते, मी तर नव्हेच. गाडी सावकाश बसली. मी पुन्हा मापले. १२५.३.

वहीत, १९ जानेवारीच्या पानावर, भरलेल्या निलोफरचे माप १,२५२ होते.

मी गेज खाली ठेवला. "वहीतलं माप खोटं नव्हतं," भोये म्हणाले. "अर्धं होतं." एक-एक वजन त्यांनी उचलले, आणि प्रत्येक वजनासरशी गाडी केसभर वर आली. एका खोलीत, हॅक्सॉच्या मोडक्या ब्लेडांवर, एक मेलेली गाडी रिकामीही होत होती आणि भरतही होती. मोठमोठ्या यंत्रशाळा मी पाहिल्या आहेत; असे काही पाहिले नव्हते.

रविवार, ४ जूनला निसारभाई आणि हाजराबी दोघे आले. निसारभाईंनी या वेळी फेरी मारली नाही. ते थेट मागे गेले, वाकले, आणि एका बोटाने हौद्याची कड हलकेच दाबून सोडली. गाडी खाली जाऊन वर आली आणि थांबली.

"उतरला माल," ते म्हणाले.

हाजराबींनी पुढे होऊन पोचा पाहिला आणि नवऱ्याकडे पाहिले. "हा दुसऱ्यानं मारला म्हणत होता ना तुम्ही?"

"त्याचीच माफी मागायची राहिली होती," निसारभाई म्हणाले. मग भोये यांचे दोन्ही हात धरून म्हणाले, "केरूभाऊ, कहा-सुना माफ."

"माझंबी," भोये म्हणाले. "तुमची गाडी मी चार महिने उगं लादून ठेवली."

निसारभाई व हाजराबी नऊ जूनला निघाले आणि जुलैत सुखरूप परतले. गाडी परतल्यावरच नेली. जाताना घरी ठेवली असती तर जीव तिच्यात अडकला असता, असे त्यांचे म्हणणे पडले. ती आता वडाळ्यात त्यांच्या पुढच्या खोलीत आहे, रिकामी.

त्यानंतर भोये यांनी एकच गाडी हाती घेतली. नांदगावचे चालक नवनाथ काकळीज यांची ती बत्तिसावी. तिची मापे त्यांनी डिसेंबरात दोनदा घेतली, एकदा रिकामी असताना आणि एकदा काकळीज यांना मका भरायला लावून. चासी जोडून झाली, पुढचा आस बसला, आणि ११ फेब्रुवारीला पहाटे झोपेतच त्यांचे हृदय थांबले.

दिवसकार्य झाल्यावर सखुबाईंनी व्यवस्था लावण्यासाठी मला बोलावले. हत्यारे टूलरूममधील तिघा जुन्या सहकाऱ्यांनी नेली. एकतीस गाड्यांच्या मापांची पाने वहीतून सोडवून त्या-त्या चालकाकडे किंवा त्याच्या घरच्यांकडे पोचवली. दोघांचा पत्ता लागला नाही, ती पाने माझ्यापाशी आहेत. काकळीज नांदगावहून आले. चासी घेऊन जा, असे सखुबाईंनी त्यांना सांगितले. त्यांनी ती उचलून पाहिली आणि पुन्हा पाटावर ठेवली. "राहू द्या, मावशी," ते म्हणाले. "बांधणारा भेटला तर त्याला इथंच यावं लागेल."

त्यांच्या गाडीची मापे येथे नोंदवून ठेवतो: हौदा मागे, रिकामी १,३५१; भरलेली १,२६८. मूळ गाडी मार्चमध्ये मोडीत गेली. बत्तिसावी देणे बाकी आहे.